फ्लशच्या टाकीत वीट ठेवण्याआधी गळती शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हडपसरची जुनी सोसायटी, तिसरा मजला, घरात चार माणसं. एका संडासात कमोड आणि त्यामागे दांड्याने ओढायची जुनी दहा लिटरची टाकी. दुसऱ्यात भारतीय बैठक आणि भिंतीत दाबायचा फ्लश व्हॉल्व्ह. मार्च लागला की टँकर सुरू होतात आणि मेंटेनन्सचं बिल फुगतं. कुणी सांगतं टाकीत वीट ठेवा, कुणी सांगतं बाटली ठेवा, तुमचा प्लंबर म्हणतो कमोडच बदलून टाका. यातलं काय करावं, आणि पाणी कमी केल्यावर संडास तुंबला तर काय, हे तुम्ही विचारलं आहे.

पुण्यात आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये मी बरीच वर्षं प्लंबिंगची कामं घेतो आहे. तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग, तुंबण्याचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी वाचवायला निघालेली बरीच घरं तिथेच अडकतात. दहाचे पाच लिटर करतात, मग एकदा फ्लश करून भागत नाही, दोनदा करावा लागतो. दोनदा करूनही नळी साफ राहत नाही. शेवटी कंटाळून सगळं पूर्ववत करतात आणि 'आपल्याकडे हे चालत नाही' असं कायमचं ठरवून टाकतात. म्हणून टाकी, भांडं आणि खालची नळी हे तिन्ही मिळून एकच यंत्र आहे असं धरून चला. एकाला हात लावला की उरलेल्या दोघांवर परिणाम होतो.

पण त्याआधी दुसरी गोष्ट. संडासातलं पाणी दोन वाटांनी जातं. एक म्हणजे तुम्ही फ्लश करता तेव्हा. दुसरी म्हणजे तुम्ही काहीच करत नाही तेव्हा, म्हणजे गळतीतून. हिशेब करून दाखवतो. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, दहा लिटरची टाकी. झाले २०० लिटर. आता सहा आणि तीन लिटरचा दोन बटणांचा फ्लश बसवला आणि प्रत्येकाने दिवसात एकदा मोठं, चारदा लहान बटण दाबलं, तर माणशी १८ लिटर, चौघांचे ७२. वाचले १२८ लिटर. चांगली बचत आहे. पण टाकीतून जर दहा मिनिटांत एक लिटर एवढं पाणी झिरपत असेल, आणि एवढ्या धारेचा आवाजही येत नाही, तर चोवीस तासांत १४४ लिटर जातात. म्हणजे नवं कमोड घेऊन जे वाचवायचं, त्याहून जास्त पाणी एखादी फुटकळ किमतीची वस्तू खराब झाल्यामुळे जात असू शकतं. महानगरपालिकेचं पाणी दिवसातून दोनच तास येत असलं तरी गच्चीवरची टाकी चोवीस तास भरलेली असते, त्यामुळे ही गळती रात्रंदिवस चालू राहते.

सोसायटीच्या पातळीवर हाच हिशेब बघा. चोवीस घरांपैकी आठ घरांत अशी गळती असेल, तर दिवसाला ११५२ लिटर. नऊ दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर नुसता झिरपून ड्रेनेजमध्ये जातो. आठ घरं हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, पण जुन्या इमारतीत एकेक संडास तपासत गेलो की मला तो अजिबात वाढीव वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम गळती शोधण्याचं. कमोडच्या भांड्याच्या आत, मागच्या भिंतीवर नीट बघा. वरून खाली पांढरट किंवा तांबूस रेघ उतरलेली दिसली तर तिथून पाणी सतत येत आहे असं समजा. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह अशी रेघ सोडतात. रेघ नसेल तर रात्री सगळे झोपल्यावर ती भिंत कापडाने कोरडी करा, वर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा, सकाळी बघा. ओला झाला असेल तर गळती आहे. आणखी खात्री हवी असेल तर टाकीत थोडी कपड्यांची नीळ किंवा खायचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर पाणी टाकीतूनच येतंय.

गळती आहे हे कळलं, आता ती कुठून आहे ते कळायला हवं. टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा छोटा नळ, रात्री बंद करा आणि टाकीत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर तळाची वॉशर किंवा टाकीचा जोड गळतो आहे. पातळी तिथेच असेल, पण कॉक उघडा असताना मात्र भांड्यात पाणी येत असेल, तर दोष वरच्या बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या बॉलने पाणी बंद करणाऱ्या नळाचा. तो वेळेत बंद होत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे जादा पाणी काढून देणाऱ्या नळीतून, निघून जातं.

तुमच्या टाकीला ओढायचा दांडा आहे, त्यावरून आत सायफन, म्हणजे पाणी वर खेचून खाली सोडणारी वाकडी नळी, असण्याची शक्यता जास्त. सायफनच्या टाकीला तळात झाकणारी वॉशर नसते, त्यामुळे ती सहसा तळातून गळत नाही. ती गळते बॉल कॉकमधून. आणि जुन्या बांधकामात टाकीच्या ओव्हरफ्लोची बारीक नळी भिंतीतून बाहेर डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत, काढलेली असते, त्यामुळे घरात थेंबही दिसत नाही. डक्टमध्ये डोकावून बघा. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर उत्तर मिळालं. बटणाच्या नव्या टाक्यांचं उलट असतं. त्यांच्यात तळाची रबरी वॉशरच पहिली जाते. टँकरच्या पाण्यातली बारीक रेती आणि बोअरचे क्षार वॉशरखाली बसतात आणि ती नीट टेकत नाही. पुष्कळदा वॉशर काढून, व्हिनेगरमध्ये भिजवून, बोटाने चोळून परत बसवली तरी भागतं. कडक झाली असेल तर बदला. आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या किंवा क्लोरीनच्या वड्या मी कुणाच्याही घरी वापरू देत नाही. त्यांच्यामुळे रबर लवकर खराब होतं, आणि मग गळती चालू होते ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

बॉल कॉक दुरुस्त करताना किंवा बदलताना पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली राहील अशी ठेवा. वर ठेवली तर रात्री दाब वाढला की पाणी वाहू लागतं.

आता फ्लशचं पाणी. आधी मोजा. टाकीवर '१० लिटर' असं छापलं असलं तरी प्रत्यक्ष किती जातं ते वेगळं असतं. अँगल कॉक बंद करा, पातळीची खूण करा, एकदा फ्लश करा, आणि मग एक लिटरच्या बाटलीने मोजत खुणेपर्यंत पाणी भरा. जेवढ्या बाटल्या लागल्या तेवढा तुमचा फ्लश. पाच मिनिटांचं काम आहे, पण यानंतरचं सगळं याच आकड्यावर ठरतं.

वीट ठेवू नका. ती पाण्यात हळूहळू झिजते, तिची माती आणि खडे सायफनमध्ये, बॉल कॉकमध्ये, वॉशरखाली जातात. बाटली ठेवायला हरकत नाही, पण फक्त दहा लिटरच्या जुन्या टाकीत. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, आत वाळू आणि पाणी, झाकण घट्ट, आणि ती बॉलच्या किंवा दांड्याच्या वाटेत येणार नाही अशी कोपऱ्यात उभी. पुष्कळ लोक बाटलीऐवजी बॉलचा दांडा वाकवून पातळीच खाली आणतात. सायफनच्या टाकीत ते करू नका. पातळी फार उतरली की सायफन पकडतच नाही, दांडा चार वेळा ओढावा लागतो. आणि भांडं धुतलं जातं ते पाण्याच्या वेगामुळे. वेग येतो टाकीतल्या पाण्याच्या उंचीतून. बाटली ठेवली की उंची तीच राहते आणि पाणी तेवढं कमी होतं, म्हणून बाटली बरी.

एका बाटलीपासून सुरुवात करा. आठवडाभर घरातल्या सगळ्यांना विचारा: दुसऱ्यांदा फ्लश करावा लागला का? नाही म्हणाले तर दुसरी ठेवा. लागला तर एक काढा. दहावरून आठवर आलात तर वीस फ्लशचे ४० लिटर दिवसाला वाचले. साडेसातच्या खाली जुन्या भांड्याला मी सहसा नेत नाही, कारण ही भांडी दहा लिटरच्या हिशेबानेच बनलेली आहेत. एक खूण कायम बघायची: फ्लश झाल्यावर भांड्यातल्या साचलेल्या पाण्याची पातळी पूर्वीइतकीच आली पाहिजे. ती खाली राहायला लागली, किंवा संडासात वास यायला लागला, तर ट्रॅप, म्हणजे भांड्याखालचं पाणी साचून राहणारं वळण, पुरता भरत नाही आणि ड्रेनेजची हवा घरात येतेय. तिथे बचत थांबवायची.

आता प्लंबरच्या सल्ल्याकडे येतो. कमोड बदला असं तो म्हणतो, ते चुकीचं नाही, पण अर्धवट बदलू नका. जुनं भांडं ठेवून त्यावर सहा-तीनची नवी टाकी बसवायची, हा मधला मार्ग लोकांना स्वस्त वाटतो. त्यात भांडं धुतलं जात नाही. सहा लिटरसाठी बनवलेल्या भांड्याची कड, पाणी सुटण्याची भोकं, ट्रॅपचं वळण हे सगळंच वेगळं असतं. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने घरातल्या नव्या कमोडवर सुमारे सहा लिटरची मर्यादा आली आणि १९९४ पासून ती लागू झाली. सुरुवातीला बऱ्याच कंपन्यांनी भांड्याचा आकार फारसा न बदलता पाणी तेवढं कमी केलं, आणि लोक वर्षानुवर्षं दोनदा फ्लश करत तक्रारी करत राहिले. भांड्यांची रचना सुधारली तेव्हा तेच सहा लिटर पुरायला लागले. म्हणून बदलायचं तर टाकी आणि भांडं एकाच जोडीचं घ्या. दुकानात जाताना जुन्या कमोडच्या बाहेर जाणाऱ्या नळीचं भिंतीपासून किंवा फरशीपासूनचं अंतर मोजून न्या आणि ती भिंतीत जाते की जमिनीत तेही सांगा, नाहीतर फरशी फोडायची वेळ येते.

दोन बटणांचा फ्लश घेतलात तर पहिल्याच दिवशी दोन्ही बटणं दाबून मोजून बघा. बसवणाऱ्याने आतली जोडणी उलटी केल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. लहान बटण मोठं पाणी सोडत असतं आणि घरातले लोक वर्षभर प्रामाणिकपणे लहान बटण दाबत असतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना, कामाला येणाऱ्या ताईंना कोणतं बटण कशासाठी ते एकदा दाखवून द्या. बटणावरची गोल खूण बघून कुणाला ते कळत नाही.

तुंबण्याची भीती तुमच्या बाबतीत किती खरी आहे, हे नळीवर अवलंबून आहे. तिसऱ्या मजल्यावर कमोडमधून निघालेली चार इंची नळी साधारणपणे थोडंच अंतर आडवी जाते आणि डक्टमधल्या उभ्या सॉइल पाइपला, म्हणजे मैलापाण्याच्या मुख्य नळीला, मिळते. तिथून पुढे सगळं सरळ खाली पडतं. अशा ठिकाणी सहा लिटर निर्धास्त वापरा. तळमजल्यावर किंवा रो हाउसमध्ये मात्र तीच नळी जमिनीतल्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत बरीच लांब आडवी जाते. तिला चाळीस फुटांना एक फूट असा काही उतार असेल तर ठीक, पण जुन्या कामात तो बसून गेलेला असतो, आणि कमी पाण्यात घाण वाटेतच थांबते. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तुमचं बघून पाणी कमी केलं, तर आधी चेंबरचं झाकण उघडून, एकाने फ्लश करून, घाण एका दमात बाहेर येते का ते बघा. टिश्यू, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, केस यातलं काहीही संडासात टाकू नका, कितीही पाणी असलं तरी. त्यातली प्रत्येक गोष्ट आणखी एक-दोन फ्लश मागते, आणि नंतर चोकअप काढायला माणूस बोलवावा लागतो तो वेगळाच.

भारतीय बैठकीचा प्रश्न निराळा आहे. भिंतीतल्या दाबायच्या व्हॉल्व्हला टाकीसारखं ठरलेलं माप नसतं. हात जितका वेळ बटणावर, तितकं पाणी. गच्चीच्या टाकीजवळच्या मजल्यांवर दाब कमी, म्हणून लोक जास्त वेळ दाबून धरतात. खालच्या मजल्यांवर दाब जास्त, म्हणून थोडक्यातच पुष्कळ जातं. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये पाणी कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, प्लंबरकडून तो एकदा बसवून घ्या. त्याच वेळी वॉशर बघा, कारण हे व्हॉल्व्ह गळायला लागले की बारीक धार भांड्यात सतत उतरत राहते. पण खरं सांगायचं तर त्या संडासात मी व्हॉल्व्हपेक्षा बादलीवर भर देईन.

बादलीने पाणी टाकणं यात कमीपणा काही नाही, आणि ते नीट केलं तर फ्लशपेक्षा चांगलं काम करतं. गावाकडच्या दोन खड्ड्यांच्या संडासाचं भांडं मुद्दाम जास्त उताराचं आणि उथळ ट्रॅपचं असतं, तिथे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. शहरातल्या फ्लॅटमधलं भांडं तसं नसतं, त्याला जास्त पाणी लागतं. लहान कामाला दोन-तीन मग पुरतात. मोठ्या कामाला मात्र मगाने थोडं थोडं टाकू नका. मगाचं पाणी ट्रॅपवरून नुसतं वाहून जातं, घाण ढकलत नाही. अर्धी बादली, पाच-सहा लिटर, कमरेच्या उंचीवरून एका दमात भांड्याच्या खोल भागाच्या रोखाने ओता. कमोडलाही हेच लागू आहे.

आणि ते पाणी ताजं असायची गरज नाही. आपल्याकडे इमारतीच्या पाण्याचा हिशेब माणशी १३५ लिटरचा धरतात, त्यातले ४५ लिटर फक्त फ्लशसाठी असतात. म्हणजे धरणातून आणलेल्या, शुद्ध केलेल्या, गच्चीवर चढवलेल्या पाण्यातला एक तृतीयांश भाग आपण घाण ढकलायला वापरतो. याच महाराष्ट्रात २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. मला हे फार लागतं. घरात आरओचं यंत्र असेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकलं जातं. ती नळी मोरीत सोडण्यापेक्षा बादलीत सोडा. संडासासाठी ते पाणी उत्तम आहे, क्षार जास्त असल्याने झाडांना मात्र रोज घालू नका. वॉशिंग मशीनचं शेवटच्या धुण्याचं पाणी, फरशी पुसल्याचं पाणी, भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी, सगळं चालतं.

दोन पथ्यं पाळा. हे वापरलेलं पाणी भांड्यात ओता, फ्लशच्या टाकीत भरू नका. साबणाने आणि धाग्यांनी आतले भाग खराब होतात आणि टाकीत वास धरतो. आणि एक दिवसापेक्षा जास्त साठवू नका, झाकून ठेवा. डेंगीचे डास अशा उघड्या साठवलेल्या पाण्यात होतात.

सोसायटीत सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन असती तर हा प्रश्नच निराळा झाला असता. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लशसाठी समुद्राचं पाणी वेगळ्या नळांतून देतात. आपल्याकडच्या मोठ्या नव्या गृहसंकुलांत प्लांटचं पाणी फ्लशला दिलेलं असतं. तुमच्यासारख्या जुन्या इमारतीत नंतर वेगळी लाइन टाकणं शक्य असतं, पण डक्टमध्ये जागा, गच्चीवर दुसरी टाकी आणि प्रत्येक घरात तोडफोड एवढं सगळं लागतं. पाइप गंजून सगळी लाइन बदलायची वेळ येईल तेव्हा हा विषय सभेत जरूर काढा. त्याआधी काढायचा विषय साधा आहे: एका रविवारी सगळ्या घरांतले संडास गळतीसाठी तपासायचे आणि बॉल कॉक, वॉशर सोसायटीने एकदम आणून बसवायचे. टँकरच्या बिलावर फरक पडायचा तो इथूनच पडेल.

तुमच्या घरापुरतं, या आठवड्यात रेघ, डक्ट आणि रात्रीची खूण एवढं बघून घ्या, नंतर बाटलीने फ्लश मोजा. मग मला तीन गोष्टी कळवा: एका फ्लशला किती लिटर लागले, सकाळी पातळी उतरली होती का, आणि कमोडपासून उभ्या पाइपपर्यंत आडवी नळी साधारण किती फूट आहे. कमोड बदलावं की एका बाटलीवर भागवावं, हे त्यावरून नक्की सांगता येईल.